तीन रात्रींचं देणं

नचिकेता यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसला होता. यम घरी नव्हता. कठोपनिषदावर प्रवचन करणारे बहुतेक जण इथून घाईने आत्मज्ञानाकडे जातात. मी गेले काही महिने त्या दारातच अडकलो आहे. यम परततो, त्या पोराला नमस्कार करतो आणि ताटकळलेल्या प्रत्येक रात्रीबद्दल एक, असे तीन वर देऊ करतो. ज्याला कुणीच जाब विचारू शकत नाही तो मृत्यू उशिराचं देणं आपण होऊन फेडतो.

हे सारखं आठवतं, कारण माझ्या पुतण्याला गाडीच्या ट्रायलची तारीख मिळत नाही. ब्राह्मणपुरीतला पोरगा, शहाद्याला पिकअपवर लागायचं ठरलेलं. संगणकावर तारीख शोधावी, तर सगळ्या भरलेल्या.

कच्चं लायसन्स मिळाल्यावर पक्क्यासाठी 30 दिवस थांबावं लागतं, ते मला पटतं. नापास झालेल्याला 7 दिवस आणि तीनदा नापास झालेल्याला 60 दिवस कायदा थांबवतो, तेही पटतं. वेदान्तसुद्धा विवेक, वैराग्य, शमदमादी गुण आणि मुमुक्षा अंगी आल्याशिवाय शिष्याला अधिकारी मानत नाही. पण पोरगा तयार आहे आणि फक्त तारीख नाही म्हणून घरी बसला आहे, हे थांबणं कुठल्या जातीचं? निसवलेला घड कापणीला यायला जो काळ लागतो, तो केळीचा असतो. कापलेला घड गाडीची वाट बघत बांधावर काळा पडतो, तो काळ केळीचा नसतो. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हा फरक समजवावा लागत नाही.

शिवाय कच्चं लायसन्स 6 महिन्यांत संपतं. म्हणजे मुदत आहे ती मागणाऱ्यालाच.

प्रकाशाला तापीवर स्नानाला जाणारे आमचे आप्पा म्हणाले, “गुरुजी, पांडुरंग अठ्ठावीस युगं उभा आहे. तुम्हाला सहा महिने जड जातात?” आप्पांची भक्ती खरी आहे, म्हणून मी उत्तर शोधत राहिलो. पांडुरंग आपल्या मर्जीने उभा राहिला, पुंडलिकाच्या प्रेमाने. पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता, तरी त्याने दारातल्याला उभं राहायला वीट दिली. हात गुंतलेले असतानाही त्याला एवढं भान होतं. सबुरी ज्याची त्याने धरावी. दुसऱ्याचे दिवस खर्ची घालून त्यालाच सबुरी शिकवणं, याला मी अधर्म म्हणतो.

आपल्या राज्याने हे अर्धं ओळखलं आहे. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवा मुदतीत न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड आहे. पण माझं मन दंडात रमत नाही. यमाला कुणी दंड केला नव्हता. ट्रायल घेणारे निरीक्षक थोडे आणि उमेदवार पुष्कळ, हे मला दिसतं. त्यांच्यावर माझा राग नाही. माझं मागणं एवढंच आहे, की सहा महिन्यांत तारीख देता आली नाही, तर कच्च्या लायसन्सची मुदत अर्ज न करता, फी न भरता आपोआप वाढावी. कोरोनाकाळात 1 फेब्रुवारी 2020 नंतर मुदत संपलेली वाहनांची आणि चालकांची कागदपत्रं केंद्र सरकारने 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत वैध धरलीच होती.