सात टक्के

आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. रंगमंचामागे एक मुलगी खिडकीच्या काचेत बघत हात कुठल्या वाक्याला उचलायचा याची तालीम करत होती. विषय पाणीटंचाई. "काय मांडणार आहेस?" असं विचारलं तर म्हणाली, "मुद्दे आहेत सर, पण शब्दांना सातच टक्के असतात ना!" कुठल्याशा कार्यशाळेत तिला रंगीत गोल दाखवला होता: शब्द 7, आवाज 38, देहबोली 55.

ही थाप खपते ती जुन्या नावांच्या आडोशाने. वक्तृत्वात पहिलं काय, दुसरं काय, तिसरं काय, या प्रश्नाला प्राचीन ग्रीक वक्ता डेमोस्थेनिसने तिन्ही वेळा 'सादरीकरण' हेच उत्तर दिलं, ही रोमन वक्ता सिसेरोने सांगितलेली गोष्ट सगळ्यांना पाठ असते. (डेमोस्थेनिसचा आवाज आपल्यापैकी कुणी ऐकलेला नाही. त्याची भाषणं मात्र आजही वाचतो.) आपला नारदीय कीर्तनकार उत्तररंगात आख्यान साभिनय रंगवतो, पण ते पूर्वरंगात निरूपण केलेला विषय पटवायला. हावभाव आशयाच्या चाकरीत, यावर फारसा वाद नव्हता.

घोळ झाला 1967 साली, अमेरिकेत. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांना एक बारीक गोष्ट तपासायची होती. शब्द एक सांगतो आणि सूर वेगळंच, तर समोरच्याला बोलणाऱ्याची आपुलकी जाणवते की नावड? एका प्रयोगात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात 'कदाचित' या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द तीन सुरांत ध्वनिमुद्रित केला आणि सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवले. दोन्हींचे निष्कर्ष जुळवून ते तीन आकडे निघाले.

आता नीट बघा. प्रयोगात ना वाक्य होतं, ना युक्तिवाद. ताटात एकच शीत वाढायचं आणि वर म्हणायचं, भाताने पोट भरत नाही! शिवाय 55 टक्के होते ते चेहऱ्याचे, तेही फोटोतल्या. हात, पाय, उभं राहण्याची ढब यांचा त्यात संबंधच नव्हता. 'देहबोली' हे नाव मागाहून चिकटवलं. हे आकडे भावना किंवा आवडनिवड व्यक्त करण्यापुरतेच लागू आहेत, असं खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलं. ते कोण वाचतो? शिकवणाऱ्यांना सोयीचं एवढंच की हात कसा उचलायचा हे दोन तासांत शिकवता येतं. पाणी का आटतं हे समजून घ्यायला महिना लागतो.

त्या मुलीचा हात अचूक वेळी उठला. बोअरवेल आणि विहीर यांचं पाणी एकमेकांशी कसं जोडलेलं असतं, हे मात्र तिच्यानंतरच्या मुलाने सांगितलं. हात पाठीमागे बांधून, एकाच पट्टीत. हावभावांच्या रकान्यात त्याला 25 पैकी 6 पडले आणि तो चौथा आला. तो रकाना 10 गुणांवर आणा, असं आयोजकांना मी लेखी कळवलं आहे.