नाम विसरल्यावर
सासूबाई वारकरी घरातल्या. एकादशी कधी चुकली नाही. आता मलाच विचारतात, “तुम्ही कुणाच्या गं बाई?” हरिपाठ मात्र टाळीसकट म्हणतात. अल्झायमरमध्ये नव्या आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस लवकर झिजतो. तालातलं जुनं पाठांतर बराच काळ तग धरतं. उद्या तेही जाईल. मग नामस्मरण थांबलं म्हणजे भक्ती संपली? मला नाही पटत. त्या विठ्ठलाला विसरल्या, तरी विठ्ठल त्यांना विसरत नाही. घरात त्याचं ते काम आपण करायचं: भरवताना, न्हाऊ घालताना, तोच प्रश्न पुन्हा ऐकताना.

भजनी मंडळात कुणी ‘पूर्वजन्मीचं पाप’ म्हटलं, की मी तिथंच थांबवते. हा मेंदूचा आजार आहे. आणि प्रत्येक विसरणं अल्झायमर नसतं. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड यांवर उपचार आहेत. आपल्या माणसाची तपासणी लवकर करून घ्या.