प्रश्नकर्त्याची नीती

गुन्हा घडला की प्रश्न सुरू होतात. ज्याने पाहिले तो साक्षीदार, ज्याने सोसले तो पीडित आणि ज्याच्यावर वहीम आहे तो संशयित, या तिघांना बोलते करणे हे तपास अधिकाऱ्याचे काम. पण सत्यासाठी माणसावर किती दडपण आणावे? गुन्हा भीषण असला आणि समोरचा माणूस अपराधी असल्याची खात्री वाटू लागली, की चार फटके देऊन कबुली घेण्यात गैर ते काय, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. वर्तमानपत्र वाचताना आपण घरात तसे बोलूनही दाखवतो.

दानिएलच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा या संदर्भात आठवते. दोन वडीलधाऱ्या न्यायाधीशांनी तिच्यावर व्यभिचाराचा आळ घेतला. त्यांच्या शब्दाखातर, कसलीही विचारपूस न करता, सभेने तिला देहान्ताची शिक्षा दिली. तरुण दानिएलने त्या दोघांना एकमेकांपासून दूर नेले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न केला: तू तिला कोणत्या झाडाखाली पाहिलेस? दोघांनी दोन झाडे सांगितली आणि निरपराध स्त्री वाचली. साक्षीदारांना वेगवेगळे विचारावे, हा आजच्या तपासातलाही मूलभूत नियम आहे.

सगळेच साक्षीदार खोटारडे नसतात. प्रामाणिक माणसाची स्मृतीही हळवी असते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ साली काही लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली. मोटारी 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता, असे एका गटाला विचारले. दुसऱ्याला, त्या 'आदळून चुरडल्या' तेव्हा किती होता, असे विचारले. दुसऱ्या गटाने वेग अधिक सांगितला. आठवड्यानंतर त्यांच्यातल्या अधिक जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती! प्रश्नातला एक शब्द साक्षीदाराच्या डोळ्यांपुढे नसलेले दृश्य उभे करतो.

मग जिथे शब्दांच्या जोडीला भीती असते, तिथे काय होत असेल? २१ नोव्हेंबर १९७४ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात दोन मद्यगृहांत बॉम्बस्फोट झाले आणि २१ जण ठार झाले. लोकक्षोभ अनावर होता. सहा जणांना पकडण्यात आले. त्यांपैकी चौघांनी कबुलीजबाबावर सह्या केल्या; मारहाण करून त्या घेतल्याचे त्यांनी न्यायालयात सांगितले, पण १९७५ मध्ये सहाही जणांना जन्मठेप झाली. १९९१ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. सहा जणांची सोळा वर्षे गेली आणि मृतांच्या आप्तांनाही न्याय मिळाला नाही, कारण खरे गुन्हेगार अद्याप दोषी ठरलेले नाहीत. जुलमाने घेतलेली कबुली पीडिताचा कैवार घेते असे दिसते. प्रत्यक्षात ती त्याचीही फसवणूक करते.

अशा प्रकरणांतून इंग्लंडच्या पोलिसांनी धडा घेतला. १९९२ पासून तेथे मुलाखतीची नवी रीत आली: आधी तयारी करावी, समोरच्याला त्याच्या शब्दांत सारे सांगू द्यावे, मध्ये तोडू नये, मगच विसंगतींवर बोट ठेवावे. कबुली मिळवण्यापेक्षा माहिती मिळवणे हे तिचे उद्दिष्ट.

आपल्याकडे पोलिसांसमोरची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून चालत आले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. कबुलीच्या आधारे एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढ्यापुरता अपवाद. तरीही कोठडीतील मृत्यू थांबलेले नाहीत. कायदा कागदावर आहे. 'चार फटके' समाजाच्या मनात आहेत.

ख्रिस्तसभेचा इतिहासही या बाबतीत निष्कलंक नाही. ८६६ साली पोप पहिले निकोलस यांनी बल्गेरियाच्या राजाला लिहिलेल्या पत्रात छळ करून कबुली घेण्याचा निषेध केला होता. पुढे १२५२ मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी पाखंडाच्या चौकशीत छळाला मुभा दिली. ख्रिस्तसभेच्या न्यायासनांनीही छळाचा अवलंब केला, हे १९९२ च्या कॅटेकिझमने खेदपूर्वक मान्य केले आहे. वास्तविक पापनिवेदन करणाऱ्या आपल्या समाजाला हे कोणी शिकवावे लागू नये. बळजबरीने करवलेले पापनिवेदन आपण पापनिवेदन मानू काय?

पीडिताची गोष्ट आणखी नाजूक. घडलेले सांगताना तो ते पुन्हा सोसतो. म्हणून २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा असतो आणि त्या वेळी अधिकाऱ्याने गणवेश घालायचा नसतो. मात्र मूल पहिल्यांदा बोलते ते बहुधा आपल्याशीच. तेव्हा 'तू तिथे गेलीसच कशाला?' हा प्रश्न तिचे तोंड कायमचे बंद करू शकतो. आरोप धर्मग्रामातील मान्यवरावर असेल, तर आपली परीक्षा अधिकच कठीण. सुसान्नेवर आळ घेणारेही मान्यवरच होते.

जो उत्तर आधीच ठरवून येतो, तो विचारत नाही. तो वदवून घेतो. आपल्याला नको असलेले उत्तरही ऐकण्याची तयारी, ही प्रश्नकर्त्याची पहिली नीती. ती ठाण्यात हवी, तशीच घरातही. काचेचा पेला फुटल्यावर 'तूच फोडलास ना?' असे दरडावण्याऐवजी 'काय झाले, सांग बरे' असे आपण म्हणू लागलो, तर न्यायाची पहिली शाळा आपल्या स्वयंपाकघरातच भरेल.