वस्तुस्थितीचा प्रमाद आणि जाणता वाचक

ललितकृतीतील वस्तुस्थितीची चूक हा कलादोष मानावा काय, हा प्रश्न काव्यशास्त्राइतकाच जुना आहे. ॲरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’च्या २५व्या प्रकरणात कलेच्या गाभ्यातील प्रमाद आणि आनुषंगिक प्रमाद असा भेद केला. हरिणीला शिंगे नसतात हे चित्रकाराला ठाऊक नसणे हा तिचे चित्र वाईट काढण्यापेक्षा लहान दोष होय, असा त्याचा निर्वाळा. कलाकृतीच्या स्वायत्ततेच्या समर्थकांना तो सोयीचा वाटतो. परंतु शक्य तेथे कोणतीच चूक होऊ नये, ही त्याच प्रकरणातील पुस्तीही तितकीच महत्त्वाची आहे. भामहाने तर देश, काल, कला, लोक, न्याय आणि आगम यांच्याशी असलेला विरोध काव्यदोषांतच गणला.

तथापि असत्य आणि चूक यांत अंतर आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त ज्या कविसमयांची चर्चा केली, त्यांनुसार नद्यांत कमळे फुलतात आणि प्रत्येक जलाशयात हंस असतात. हे लोकव्यवहाराशी जुळत नाही, हे कवी आणि रसिक दोघेही जाणतात. म्हणून आस्वादात व्यत्यय येत नाही. चुकीच्या ठिकाणी ही सहमती नसते. वाचकाला जे ठाऊक आहे ते लेखकाला ठाऊक नाही, हे उघड होते आणि वाचकाचे लक्ष कथाविश्वातून निघून लेखकाकडे वळते.

विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ (१९५४) या कादंबरीत मुले पिगीच्या चष्म्याने सूर्यकिरण एकवटून अग्नी पेटवतात. पण पिगीला लांबचे दिसत नाही. अशा दृष्टिदोषावरचे भिंग अंतर्गोल असते. ते किरण एकवटत नाही, फाकवते. सुटकेची आशा, चष्म्याची चोरी, पिगीचे असहायपण हे सारे या एका भिंगावर उभे आहे. तरीही कादंबरी कोसळत नाही. कारण सत्ता आणि हिंसा यांविषयीचे तिचे आकलन प्रकाशशास्त्रावर विसंबून नाही. याउलट ज्यूल व्हर्नच्या ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये (१८७५) अभियंता दोन घड्याळांच्या काचा मातीने सांधून, मधल्या पोकळीत पाणी भरून बहिर्गोल भिंग बनवतो. तेथे वैज्ञानिक चातुर्य हाच कथेचा प्राण असल्याने अशी चूक घातक ठरली असती. तात्पर्य, कृती कशाच्या बळावर विश्वास मागते, यावर चुकीचे गांभीर्य ठरते.

येथेच प्रश्न नैतिक होतो. ग्रामजीवनाच्या अस्सल दर्शनाचा दावा करणाऱ्या एखाद्या कादंबरीत श्रावणात हुरड्याचा बेत रंगला, अशी कल्पना करावी. नागर वाचक सहज पुढे जाईल. शेतकरी वाचक तेथेच अडखळेल, कारण हुरडा मार्गशीर्ष-पौषातला. ज्याचे जगणे चितारले, तोच ही कादंबरी वाचेल याची शक्यता लेखकाने धरली नव्हती, असे त्याला वाटले तर ते अनाठायी म्हणता येणार नाही. भौतिकशास्त्रज्ञाने दाखवलेली चूक ‘ज्ञानाची’ आणि शेतकऱ्याने दाखवलेली ‘तपशिलाची’ असा भेद समीक्षेने केला, तर तिनेही तीच उपेक्षा पुढे चालवली असे होईल.

अर्थात चुका वेचणे म्हणजे समीक्षा नव्हे. एका चुकीवरून संपूर्ण कृती निकालात काढणारा जाणकार आपल्या ज्ञानाचेच कौतुक करीत असतो. परंतु त्याचे अडखळणे ही अरसिकता ठरवून बाजूला सारता येत नाही. कृतीने ज्या जगाच्या नावाने विश्वास मागितला, त्या जगाचा तो रहिवासी असतो. आणि त्याची साक्ष ऐकूनच तिचे मूल्यमापन व्हावे.