बरोबरीच्यांना शिकवताना

धाराशिवच्या कुठल्याही चौकात थांबून वर पाहिलं, की नेतृत्व लटकलेलं दिसतं. फ्लेक्सवर हात जोडलेला 'युवा नेते', त्याच्या डोक्यावर त्याहून मोठे नेते, पायाशी शुभेच्छुकांच्या छोट्या फोटोंच्या रांगा. वाढदिवस संपला तरी फ्लेक्स उतरत नाही. त्याच चौकातून गल्लीत वळलं तर एखाद्या दुकानाच्या माथ्यावर अभ्यासिका असते. महिन्याच्या भाड्यावर एक खुर्ची, पंखा आणि मोबाइल चार्ज करायची सोय. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, जे निघेल त्याची तयारी करणारी पोरं-पोरी तिथे बसलेली असतात. जिल्ह्यातलं खरं नेतृत्व-शिक्षण या दुसऱ्या ठिकाणी चालतं, असं माझं मत आहे. तिथल्या कुणाला ते शिक्षण वाटत नाही, हे त्याचं बलस्थानही असावं.

पोलीस भरतीचंच पाहा. मैदानी चाचणीला ५० गुण, लेखीला १००. मुलांना १६०० मीटर धावायचं, मुलींना ८००. लेखीत गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान. एकाच पोराला हे सगळं येतं असं क्वचित होतं. ज्याचं गणित पक्कं तो काळ-काम-वेगाची उदाहरणं फळ्यावर मांडतो, दुसरी समास सोडवून दाखवते, आणि पहाटे मैदानावर तिसराच कुणी श्वास कसा धरायचा ते सांगत पुढे धावतो. जागा मोजक्या असतात. समोर बसलेला पुढे गेला तर शिकवणारा मागे पडू शकतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. तरीही शिकवणं थांबत नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला माणूस असं वागत नाही, पण कळंब-भूमच्या एसटीतून उतरणारा वागतो.

या शिकवण्यात हाताशी काहीच नसतं. प्राध्यापकाकडे हजेरीपट असतो, अंतर्गत गुण असतात, वय असतं. इथे समोरचा मित्र सरळ म्हणतो, "आरं, काहीच कळलं नाही, परत सांग की." किंवा त्याहून वाईट, "तुझंच चुकलंय." मग शिकवणाऱ्याला फळा पुसून पुन्हा सुरुवात करावी लागते. येत नसेल तर "उद्या बघून सांगतो" म्हणावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी खरंच बघून यावं लागतं. गप्प बसलेल्यांपैकी कुणाला कळलंय आणि कोण लाजेनं मान हलवतंय, हे ओळखावं लागतं. ऐकणारे उठून जाऊ शकतात आणि कंटाळले की जातातही. सक्तीचं एकही साधन नसताना माणसं आपल्यासोबत थांबवणं, हे कौशल्य लोकशाहीत पुढारपण करू पाहणाऱ्याला सर्वांत आधी लागतं. ते सभेत माइक धरून येत नाही.

बरोबरीचा शिकवणारा कधी कधी मास्तरापेक्षा बरा का ठरतो, याचं उत्तर हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझूर यांना वर्गात सापडलं. १९९१च्या सुमारास त्यांनी व्याख्यान मध्येच थांबवून विद्यार्थ्यांना शेजाऱ्याशी वाद घालायला लावायला सुरुवात केली. ज्याला गोष्ट आत्ताच उमगली आहे, त्याला आपण कुठे अडलो होतो ते आठवत असतं. ज्याला ती वीस वर्षांपूर्वी उमगली, तो ती अडचणच विसरलेला असतो.

यात नवं असं फार नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेवर अँड्र्यू बेल नावाचे पाद्री होते. एका देशी शाळेत मुलं वाळूवर बोटानं अक्षरं गिरवताना त्यांनी पाहिली आणि ती रीत उचलायचं ठरवलं. त्यांच्या हाताखालचे मास्तर काही बधेनात. तेव्हा त्यांनी आठ वर्षांच्या एका मुलावर खालच्या वर्गाची मुळाक्षरं सोपवली. जमलं. १७९७मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक काढलं आणि 'मद्रास पद्धत' विलायतेत पोचली. तिथे जोसेफ लँकेस्टर यांनी तिचाच भाऊबंद शोभेल असा प्रकार उभा केला. एका मास्तराच्या पगारात शेकडो मुलं शिकतात म्हटल्यावर कुणाला नको होतं? पण स्वस्ताईपायी कवायत आली. शिकवणाऱ्या मुलाला शिस्तीचे अधिकार मिळाले आणि तो हळूहळू हवालदार झाला. आपल्या शाळांतला मॉनिटर हा त्याचाच वंशज. शिकवणं त्याच्याकडून कधीच सुटलं. सर नसताना बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं तेवढं उरलं. आपल्याकडच्या बऱ्याच पुढाऱ्यांची जडणघडण इथेच झाली असावी, अशी मला शंका आहे.

उलट उदाहरण मुंबईचं. एल्फिन्स्टनच्या तरुणांनी १८४८मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. आधी एकमेकांसमोर निबंध वाचले, मग पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा उघडल्या आणि त्यात स्वतःच बिनपगारी शिकवलं. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी याच मंडळातले. त्यांचं सार्वजनिक जीवन आपसातल्या या शिकण्या-शिकवण्यातून सुरू झालं.

आमच्या जिल्ह्याला तर याचा वारसाच आहे. आजच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, तीही निजामाच्या राज्यात. व्यंकटेश खेडगीकर तिथे मुख्याध्यापक म्हणून आले आणि पुढे संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. हैदराबाद मुक्तिलढ्याचं नेतृत्व करणारा माणूस त्याआधी कित्येक वर्षं खेड्यातल्या पोरांना शिकवत होता, हे आपण १७ सप्टेंबरच्या भाषणांत एका वाक्यात उरकतो.

त्याहून जवळचा दाखला ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटेनंतरचा आहे. किल्लारी-सास्तूरच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (म्हणजे आजच्या धाराशिव) जिल्ह्यांतली गावंच्या गावं झोपेत गाडली गेली. पुढे हजारावर गावांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचं काम निघालं. सरकारी पैसा होता, अभियंते होते, पण दगडमातीच्या भिंतीला नेमकं काय करायचं हे घरोघर कोण समजावणार? प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावागावांतल्या बायकांनाच 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. अभियंत्यानं सांगितलेलं आधी त्यांनी स्वतः समजून घेतलं, मग शेजारणीला सांगितलं. शेजारीण प्रश्न विचारायची, उत्तर नसलं की अभियंत्याला पुन्हा गाठायचं. डोक्यावरचा पदर न ढळू देता सिमेंटचा हिशेब मागणारी बाई गावानं पहिल्यांदा पाहिली. २००१मध्ये कच्छ हादरलं तेव्हा इथल्या बायका तिकडच्या बायकांशी बोलायला गेल्या. गुजराती येत नव्हतं. पण घर पडलेल्या बाईला काय विचारायचं असतं, ते त्यांना ठाऊक होतं. या बायका कॉलेजात शिकलेल्या नव्हत्या, पण समाजकार्याच्या वर्गात नेतृत्व म्हणून जे शिकवतात, ते त्यांनी करून दाखवलं.

कॉलेजातल्या पोरांना अशी संधी कुठे मिळते? १९७४च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर होते. त्यानंतर दोन दशकांत महाविद्यालयीन निवडणुका हाणामाऱ्यांपायी बदनाम झाल्या आणि १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी प्रतिनिधी गुणवत्तेवर नेमायचं ठरलं. म्हणजे पहिला येणारा वर्गाचा प्रतिनिधी झाला आणि त्याला कुणाचं मन वळवायची गरज उरली नाही. म्हणजे पहिला येणारा वर्गाचा प्रतिनिधी झाला आणि त्याला कुणाचं मन वळवायची गरज उरली नाही. निवडणुका व्हाव्यात याच मताचा मी आहे. पण त्या झाल्या तरी मत मागणं आणि समजावणं ही वेगळी कामं आहेत, आणि दुसरं जास्त अवघड आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मी फार सहज धरून चाललोय, ती म्हणजे बरोबरी. एकाच बाकावर बसल्यानं ती येते असं नाही. तांड्यावरून आलेला पोरगा फळ्यापाशी उभा राहून पाटलाच्या पोराला बुद्धिमत्तेची कोडी सोडवून दाखवतो, तेव्हा तासाभरासाठी काहीतरी उलटंपालटं होतं. तेवढंच. गावाकडे गेल्यावर दोघं आपापल्या आळीत जातात. मुलींचं तर याहून कठीण. ज्यांना शेवटची एसटी गाठायची असते, त्यांच्या वाट्याला शिकवण्याची संध्याकाळ येतच नाही. ज्या शहरात खोली करून राहतात, त्यांच्यातल्या एखादीनं मुलांसमोर खडू हातात घेतला, की मागच्या बाकावरून खाकरणं सुरू होतं. ती तरीही शिकवत राहिली, तर महिन्याभरात तेच खाकरणारे वही घेऊन पुढे सरकतात. हे मी पाहिलेलं आहे. तिनं वही मिटून खाली बसणं पसंत केलं, असंही पाहिलेलं आहे, आणि त्याला मी तिचा भित्रेपणा म्हणणार नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर प्रत्येक गोष्टीला श्रेयांक द्यायची घाई सुरू आहे. उद्या 'सहाध्यायी अध्यापन, दोन श्रेयांक' असं निघेल. मग नोंदवही येईल, फोटो येतील, प्रमुख पाहुणे येतील आणि शिकवणारा पुन्हा मॉनिटर होईल. गुण मिळतात म्हणून शिकवणाऱ्यासमोर गुण मिळतात म्हणून बसणारेच येतात. आणि उठून जाण्याची मुभा गेली, की या शिकवण्यातलं सगळं गेलं.

कॉलेजांना काही करायचंच असेल, तर सुटल्यानंतर एक-दोन खोल्या मोकळ्या ठेवाव्यात, फळा, दिवा आणि मुलींसाठी नीट स्वच्छतागृह द्यावं, आणि आगारप्रमुखाशी बोलून एक एसटी तासभर उशिरा सोडवून घ्यावी. खोलीची किल्ली मात्र पोरा-पोरींकडेच असू द्यावी. कार्यालयात ठेवली तर साडेपाचला कुलूप लागतं.