सही जुळत नाही

जगात दोनच प्रकारचे कागद असतात : नोट आणि चेक. बँकेच्या काउंटरमागं वीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून जास्त तत्त्वज्ञान येत नाही. पण एवढं मात्र पक्कं येतं. नोट कुणी आणली याला महत्त्व नाही. कीर्तनकारानं आणली काय नि गुत्तेवाल्यानं आणली काय, शंभराचे शंभरच! चेकचं तसं नाही. कागद अस्सल, आकडा बरोबर, तारीख बरोबर. पण सही भलत्याचीच निघाली की चेक परत.

प्रश्न असा, की माणसाचं बोलणं ही नोट की चेक?

आमच्या शेजारचे अण्णा नोटवाले. रोज सकाळी देशाच्या भवितव्याविषयी पंधरा-वीस निरोप मोबाइलवरून मला पाठवतात. "अण्णा, हे लिहिलंय कुणी?" असं विचारलं की म्हणतात, "लिहिणाऱ्याशी तुला काय करायचंय रे? मुद्दा पटतो का ते बोल!" आणि खोटं कशाला बोला, अण्णांच्या म्हणण्यात दम आहे. दोन अधिक दोन चार, हे चोरानं सांगितलं तरी चारच.

पण ह्यूस्टनची गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या या शहरात २१ मे २०१६ रोजी एका इस्लामी केंद्रासमोर दोन जमाव आमनेसामने उभे राहिले. एकाला फेसबुकवरच्या 'हार्ट ऑफ टेक्सास'नं बोलावलं होतं, दुसऱ्याला 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका'नं. पुढं २०१७ साली सिनेटच्या समितीपुढं उघड झालं, की दोन्ही पानं रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या एकाच कचेरीतून चालत होती! खर्च म्हणाल तर दोनशे डॉलरच्या आसपास. तेवढ्यात आमच्याकडं मंगल कार्यालयाची अनामतसुद्धा भागत नाही.

"म्हणजे परक्यांचं ऐकू नये!" अण्णांनी लगेच तात्पर्य काढलं. पण अण्णा, आपलंच शहर बघा. पंधरा ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि आपलं औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, निजामाकडंच राहिलं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, तेरा महिने, मनमाड म्हणजे आपल्याला परराज्य! गावात रेडिओ केंद्र होतं, तेही निजामाचंच. दिल्ली-मुंबईचा रेडिओ निजामाच्या लेखी परका. त्या वेळी ज्याला स्वातंत्र्य हवं होतं त्यानं 'परका' म्हणून कान झाकायचे होते का? तो रेडिओ बोलण्याआधी आपलं नाव सांगत होता. ऐकणाऱ्याला कळत होतं, हे दिल्लीचं म्हणणं आहे. पटलं तर घ्यावं.

बरं, नाव-पत्ता उघड नसला की सगळंच खोटं, असंही नाही. १९४२ साली उषा मेहता नावाची बावीस वर्षांची मुलगी मुंबईत जागा बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होती. नोव्हेंबरात पकडली जाईपर्यंत पोलिसांना पत्ता लागू दिला नाही. पण तिनं लपवला तो पत्ता. सही काँग्रेसची म्हणून केली आणि ती काँग्रेसचीच होती.

आणि आपण सारे धुतल्या तांदळाचे, असंही नाही. ब्रुसेल्सच्या 'ईयू डिसइन्फोलॅब'नं वेबसाइटी कुणाच्या नावे नोंदल्यात, कुठल्या सर्व्हरवर आहेत, हे ताडून डिसेंबर २०२० मध्ये एक अहवाल काढला. पंधरा वर्षं चाललेलं जाळं, ११९ देशांत साडेसातशेवर बनावट माध्यमं, हेतू भारताची बाजू मांडण्याचा. बोट होतं दिल्लीतल्या एका उद्योगसमूहाकडं; सरकारनं आपला संबंध नाकारला. त्यात लुई सोन नावाचे कायद्याचे प्राध्यापक २००६ साली वारलेले, आणि २००७ साली जिनिव्हाच्या बैठकीला हजर! आमच्याकडं पेन्शनवाल्यांकडून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला घेतात, तो उगीच नाही. बाजू आपली असली म्हणून मेलेल्या माणसाची हजेरी खरी होत नाही.

तेव्हा माझा हिशेब असा. 'दोन अधिक दोन चार' ही नोट. कुणाकडूनही घ्यावी, फक्त उजेडात धरून बघावी. पण 'आम्ही इथली माणसं चिडलो आहोत' हा चेक आहे. तो इथल्या माणसांच्या खात्यावर काढलेला असतो. सेंट पीटर्सबर्गच्या कारकुनानं टेक्सासच्या खात्यावर सही ठोकली, तिथंच गुन्हा झाला. मजकूर खरा की खोटा, हा नंतरचा प्रश्न.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. बोलावणारे बनावट होते, पण त्या रस्त्यावर येऊन एकमेकांवर ओरडणारे लोक ह्यूस्टनचे, अगदी अस्सल. चेक खोटा, पण त्याच्या पाठीवरच्या सह्या खऱ्या! निरोप पुढं ढकलताना आपण हीच पाठीवरची सही करतो. मग मूळ सही कुणाची होती, हे विचारायला कुणी थांबत नाही. कारण आता तो अण्णांचा निरोप असतो, आणि अण्णांना आख्खी कॉलनी ओळखते.

अण्णांना मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फार छान बोललास. हे लिहून दे, ग्रुपवर टाकतो."

"टाका की," म्हटलं, "पण खाली माझं नाव राहू द्या."