पत आणि मालकी

१ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ हैदराबाद भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, पाट्या बदलल्या. ठेवी सुरक्षित राहिल्या, व्यवहार चालू राहिले. मग हरवले ते काय? आणि जे हरवले त्यावर आपला काही नैतिक अधिकार होता काय?

ही बँक १९४१ च्या कायद्याने ‘हैदराबाद स्टेट बँक’ म्हणून स्थापन झाली. १९४२ मध्ये हैदराबादच्या गनफाउंड्री भागात तिची पहिली शाखा उघडली. निजामी राज्याचे उस्मानिया चलन सांभाळण्याचे कामही तिच्याकडेच होते. आपले वाडवडील हाली आणि कलदार असा भेद करीत. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये त्याचे तीन भाषांत तीन तुकडे झाले. राज्य वाटले गेले, बँक मात्र वाटली गेली नाही. त्याच वर्षी ती रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात आली, तिला नवे नाव मिळाले आणि १९५९ मध्ये ती स्टेट बँकेची उपकंपनी झाली.

येथे भाबडेपणा नको. ही बँक प्रजेने नव्हे, राजसत्तेने उभारली होती. १९५३ मध्ये तिनेही हैदराबाद मर्कंटाइल बँक आपल्यात सामावून घेतली होती. शिवाय मोठ्या बँकेचा पाया रुंद असतो; एका प्रदेशातील दुष्काळाने ती कोलमडत नाही. मराठवाड्याला हे निराळे सांगायला नको.

तथापि मोठेपणा म्हणजे सुरक्षितता नव्हे. इटलीतील सिएना येथे १४७२ मध्ये गरिबांना सावकारी पाशातून सोडवण्यासाठी एक संस्था निघाली. तीच आजची मोंते देई पास्की बँक. २००७ मध्ये तिने पादुआची आंतोनव्हेनेता ही प्रादेशिक बँक सुमारे नऊ अब्ज युरोंना घेण्याचे ठरवले. तो भार तिला पेलला नाही आणि २०१७ मध्ये सरकारलाच तिची बहुसंख्य मालकी घ्यावी लागली. गिळणाऱ्याचाच घास अडकला.

पोप पायस अकरावे यांनी १९३१ च्या आपल्या परिपत्रकात एक तत्त्व मांडले: लहान समूह जे स्वतः करू शकतो, ते मोठ्या समूहाने त्याच्याकडून काढून घेणे अन्यायाचे आहे. हे तत्त्व लहानाला पवित्र ठरवीत नाही. ते मोठ्याला विचारते: तू लहानाला साहाय्य करतोस की त्याची जागा बळकावतोस?

मराठीत ‘पत’ या एकाच शब्दात कर्ज मिळण्याची पात्रता आणि माणसाची अब्रू असे दोन्ही अर्थ सामावले आहेत. पत कागदावर मोजली जाते, पण ती कळते ओळखीतून. कोणाचे पीक गेले आणि कोणाची नियत गेली, हा फरक जवळच्यालाच दिसतो. विलीनीकरणात येणी व देणी हस्तांतरित होतात. ही ओळख मात्र कोणत्याही ताळेबंदात नसते. म्हणून ती जपण्याचे देणे नव्या मालकाच्या माथी येते. मालकी बदलली तरी कारभाऱ्याचे कर्तव्य संपत नाही.

आणि आपले? आपल्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेला आपण किती जण जातो? जी संस्था अजून आपल्या हाती आहे, तिच्याकडे पाठ फिरवणाऱ्याने गेलेल्या संस्थेसाठी अश्रू ढाळू नयेत.